कोर्टाने कंपनीचं खातं गोठवलं तर काय करायचं: पहिल्यांदाच यात सापडलेल्या नागपूरच्या उद्योजकांसाठी

हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर इकडे ज्यांची छोटी-मध्यम युनिटं आहेत किंवा इतवारी, गांधीबागेत ज्यांचा होलसेलचा धंदा आहे त्यांच्यासाठी हे लिहून राहिले. आमचं फॅब्रिकेशनचं युनिट आहे, एका मोठ्या कामाच्या पैशावरून वाद झाला आणि समोरच्या पार्टीने कोर्टात शपथपत्र दिलं की हे लोक मशिनरी विकून धंदा गुंडाळणार आहेत, त्यावर आमचं खातं आणि काही माल अडकला. ऑफिस आणि हिशोब माझ्याकडे असल्याने बँक, वकील, कोर्ट सगळीकडे मीच फिरले, आणि तेव्हा सोप्या मराठीत कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं जे जे वाटलं ते इथे देते आहे. वकील तर लागणारच, पण वकिलाकडे जाताना काय घेऊन जायचं आणि काय मागायचं हे माहीत असलं की पहिला आठवडा वाया जात नाही.

एक गोष्ट पहिलेच सांगते, कारण घरातले आणि कामगार सगळे याच भीतीने हादरतात. खातं गोठलं म्हणजे केस हरलो असं नसतं. बहुतेक वेळा कोर्टाने तोपर्यंत एकाच बाजूचं ऐकलेलं असतं आणि निकाल लागेपर्यंत पैसा जागेवर राहावा एवढ्यासाठीच ऑर्डर दिलेली असते. अशा प्रत्येक ऑर्डरला हद्द असते, रकमेची, मालाची, तारखेची. आपलं काम हेच की ती हद्द नीट समजून घ्यायची, तिच्या आत काटेकोर राहायचं, आणि बाकीचा धंदा लवकरात लवकर मोकळा करून घ्यायचा.

१. गोठवलं कोणी ते पहिले शोधा

बँकेत विचारलं की काउंटरवरून एकच उत्तर येतं, "वरून ऑर्डर आहे मॅडम." एवढ्यावर परत येऊ नका. खातं बंद करू शकणारे बरेच आहेत: जीएसटी विभाग (कलम ८३ खालची तात्पुरती जप्ती), इन्कम टॅक्स, पीएफ ऑफिस, पोलीस किंवा सायबर सेल, बँकेचं कर्ज थकलं असेल तर डीआरटी (कर्जवसुली न्यायाधिकरण), आणि मग दिवाणी किंवा कमर्शिअल कोर्ट. प्रत्येकाचा दरवाजा वेगळा आहे, जीएसटीच्या जप्तीसाठी कमर्शिअल कोर्टात अर्ज करून काही होत नाही. हा लेख फक्त कोर्टाच्या ऑर्डरबद्दल आहे.

शाखेला लेटरहेडवर अर्ज द्या आणि तोच ईमेलने पण पाठवा. त्यात चार गोष्टी विचारा: ऑर्डर कोणाची, केस नंबर काय, तारीख काय, आणि बँकेने पूर्ण खातं बंद केलं आहे की ठराविक रकमेवर लीन मारलं आहे, म्हणजे तेवढीच रक्कम अडवली आहे. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या, पुढे फार कामाला येतं.

२. ऑर्डरची कॉपी आणि सोबतचा सगळा संच मिळवा

ईकोर्ट्सच्या साइटवर किंवा अॅपवर नागपूर जिल्हा निवडून पार्टीच्या नावाने शोधा. कंपनीचं पूर्ण नाव टाकू नका, "प्रायव्हेट लिमिटेड" कुठे पूर्ण असतं कुठे "प्रा. लि." असतं, त्यामुळे पहिला शब्दच टाका. सीएनआर नंबर (केसचा ऑनलाइन ओळख नंबर) मिळाला की पुढची तारीख आणि बऱ्याच वेळा ऑर्डर पण तिथेच वाचायला मिळते. तरी सर्टिफाइड नकलेसाठी सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात अर्ज टाकाच, कारण अपील करायची वेळ आली तर तीच लागते.

फक्त ऑर्डर घेऊन थांबू नका. दावा, अंतरिम अर्ज (कोर्टात यालाच निशाणी ५ म्हणतात), त्याचं शपथपत्र आणि सोबतचे कागद, हे सगळं पाहिजे. तुम्हाला न ऐकता मनाई हुकूम दिला असेल तर हे सगळे कागद तुम्हाला लगेच पाठवायची जबाबदारी वादीवर असते, आणि पाठवले असं शपथपत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कोर्टात द्यावं लागतं. तुमच्या हातात कागद कोणत्या तारखेला आले, कसे आले, पाकीट कोणतं होतं, सगळं जपून ठेवा. उशीर झाला असेल तर तो तुमचा मुद्दा आहे.

३. ऑर्डर पेन हातात घेऊन वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आमच्याकडे गेटवर बेलिफने (कोर्टाचा हुकूम बजावणारा माणूस) कागद चिकटवला तेव्हा सगळ्यांना वाटलं शेडला सील लागलं, वेल्डरांनी मशीन बंद केल्या, पण कागद नीट वाचला तर त्यात शेडचं नावही नव्हतं, फक्त तयार मालाची यादी आणि बँकेचं खातं होतं. शांतपणे ओळ न ओळ वाचल्यावर काम परत सुरू झालं.

पहिले पाहा ऑर्डर कशाखाली आहे.

सीपीसीच्या (दिवाणी प्रक्रिया संहितेच्या) आदेश ३८ नियम ५ खाली असेल तर ती निकालाआधीची जप्ती. ती कधी देता येते? प्रतिवादी पुढे येणाऱ्या हुकूमनाम्याच्या (कोर्टाच्या अंतिम निकालाच्या) अंमलबजावणीला अडथळा आणायच्या किंवा उशीर करायच्या हेतूने मालमत्ता विकायच्या, किंवा कोर्टाच्या हद्दीबाहेर न्यायच्या बेतात आहे असं कोर्टाला दिसलं तरच. आणि साधारण क्रम असा असतो की कोर्ट पहिले म्हणतं, एक तर एवढी सिक्युरिटी द्या नाहीतर का देऊ नये याचं कारण दाखवा. त्याच ऑर्डरमध्ये सशर्त जप्ती पण घालता येते. पण सिक्युरिटी किंवा कारण दाखवायची संधी न देताच सरळ जप्ती केली असेल तर नियम ५(४) प्रमाणे ती जप्तीच टिकत नाही. "सिक्युरिटी द्या नाहीतर कारण दाखवा" हे वाक्य तुमच्या ऑर्डरमध्ये आहे की नाही ते वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.

आदेश ३९ खाली असेल तर तो मनाई हुकूम, म्हणजे "विकू नका, गहाण टाकू नका, काढू नका." यात बेलिफ माल उचलत नाही पण तुमचे हात बांधलेले असतात.

करारात लवादाचं (आर्बिट्रेशनचं) कलम असेल तर ऑर्डर लवाद कायद्याच्या कलम ९ खाली असू शकते. लवाद सुरू व्हायच्या आधीच अशी ऑर्डर घेतली असेल तर त्या तारखेपासून ९० दिवसांत किंवा कोर्टाने वाढवून दिलेल्या मुदतीत समोरच्याने लवाद सुरू करावा लागतो. ऑर्डर घेऊन समोरचा निवांत बसला असेल तर ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

मग रक्कम पाहा. समजा ऑर्डर ४० लाखांची आहे आणि खात्यात ६५ लाख आहेत, तर बँकेने ४० लाखांवर लीन मारून बाकी चालू द्यायला पाहिजे. बँका भीतीपोटी पूर्ण खातं बंद करतात. आणि दोन बँकांना एकच ऑर्डर गेली तर दोघीही पूर्ण ४० लाख अडवतात, म्हणजे ८० लाख अडकले. दोन्हीकडून लेखी घ्या आणि कोर्टासमोर हा आकडा ठेवा.

मग नाव पाहा. कंपनी वेगळी आणि डायरेक्टर वेगळा. ऑर्डर कंपनीवर असेल आणि बँकेने तुमचं किंवा घरच्यांचं सेव्हिंग खातं पण बंद केलं असेल तर ऑर्डरची कॉपी दाखवून लगेच हरकत घ्या.

४. ऑर्डर मोडू नका, कोणी काहीही सांगो

ही बातमी पसरली की ओळखीतलेच सल्ले देतात, मशीन भावाच्या नावावर कर, नवीन खातं उघडून कस्टमरचे पैसे तिकडे घे, जुन्या तारखेचं बिल बनव. कृपा करून यातलं काही करू नका. जप्तीनंतर केलेली विक्री जप्तीखालच्या हक्कांपुढे सीपीसी कलम ६४ प्रमाणे रद्दबातल धरली जाते. मनाई हुकूम मोडला तर आदेश ३९ नियम २अ खाली मालमत्ता जप्त होते आणि ३ महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. याहून मोठं नुकसान वेगळंच आहे: समोरच्याचा सगळा दावाच या एका वाक्यावर उभा असतो की हे लोक माल हलवणार आहेत, आणि तुम्ही तो हलवून त्याला पुरावा स्वतःच देता.

दुसरं खातं ऑर्डरमध्ये नसेल तर ते वापरता येतं की नाही हे ऑर्डरच्या शब्दांवर आहे. "कंपनीची सर्व खाती" असं लिहिलं असेल तर नाही. शंका आली की वकिलाकडून लेखी मत घ्या, फोनवरच्या "हो हो चालतं"वर जाऊ नका.

५. कागद गोळा करा

वकिलाकडे जायच्या आधी ही फाइल बनवा:

- ऑर्डर, दावा, अर्ज, शपथपत्र, आणि बँकेचं उत्तर
- मूळ करार किंवा पर्चेस ऑर्डर, इनव्हॉइस, डिलिव्हरी चलन, ई-वे बिल, दोन्ही बाजूंचे ईमेल आणि व्हॉट्सअॅप
- ज्या मालाच्या क्वालिटीवर किंवा वेळेवर भांडण आहे त्याचे इन्स्पेक्शन रिपोर्ट
- मागच्या तीन वर्षांचे ऑडिट केलेले ताळेबंद, जीएसटी रिटर्न, आणि सगळ्या खात्यांची स्टेटमेंटं
- हातातल्या ऑर्डरी, म्हणजे धंदा चालू आहे आणि कुठे पळून जात नाही आहोत हे दाखवणारे कागद
- बँकेचं सँक्शन लेटर आणि कोणती मशीन, कोणता प्लॉट गहाण आहे त्याची यादी, एमआयडीसीचा लीज डीड
- कामगारांची यादी, पगारपत्रक, पीएफ आणि ईएसआयसीची चलनं
- केससाठी सही करायला बोर्डाचा ठराव

शेवटची वस्तू लोक विसरतात. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर ठरावाशिवाय सही केलेल्या वकालतनाम्यावर आणि शपथपत्रावर समोरचा पहिल्याच पेशीला हरकत घेतो.

६. वकील कसा पाहायचा

घरचा वकील चांगला असेल, पण कमर्शिअल कोर्टाचं काम त्याने केलं आहे का ते स्पष्ट विचारा. ३ लाख आणि त्यावरचे व्यापारी वाद आता कमर्शिअल कोर्ट्स कायद्याखाली जातात (२०१५ च्या मूळ कायद्यात ही मर्यादा १ कोटी होती, २०१८ मध्ये खाली आणली) आणि तिथल्या मुदती कडक आहेत. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत (दाव्याला तुमचं लेखी उत्तर), कोर्टाने वाढवून दिली तरी जास्तीत जास्त १२० दिवस, त्यानंतर हक्कच जातो. मनधरणी चालत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्येच हे पक्कं केलं. आणि तुमच्याकडचे कागद कैफियतीसोबतच द्यावे लागतात, मागून एकेक काढत बसता येत नाही. खातं सोडवायच्या धावपळीत ही कैफियत राहून जाते आणि मग खातं सुटूनही केस हातची जाते, म्हणून दोन्ही कामं एकाच वेळी चालू ठेवा.

७. कोर्टात काय मागायचं

एकाच अर्जात तीन पायऱ्या ठेवा: ऑर्डर उठवा, ते नाही तर बदला, ते पण नाही तर सिक्युरिटी घेऊन मोकळं करा.

उठवण्यासाठी मुद्दे शपथपत्रातच सापडतात. समोरच्याने लिहिलेलं असतं "प्रतिवादी मालमत्ता विकण्याच्या तयारीत असल्याचे समजते." कोणाकडून समजलं, कधी, कोणती मालमत्ता, कोणाला विकतो आहे? नुसता संशय पुरत नाही. रामन टेक विरुद्ध सोलंकी ट्रेडर्स या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं आहे की हा अधिकार असाधारण आणि कठोर आहे, तो जपून वापरायचा आणि साध्या उधारीला तारण असलेलं कर्ज बनवायला तो नाही. रोजचा माल विकणं म्हणजे मालमत्ता पळवणं होत नाही, तो तर धंदाच आहे, आणि हेच तुमची जीएसटी रिटर्नं आणि चालू ऑर्डरी दाखवतात. फक्त एक लक्षात ठेवा, ऑर्डर लवाद कायद्याच्या कलम ९ खाली असेल तर कोर्ट नियम ५ ची प्रत्येक अट शब्दशः पाहीलच असं नाही, एस्सार हाऊसच्या केसमध्ये २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तसा सूर लावला आहे, त्यामुळे तिथे तुमची मुळातली बाजू आणि ताळेबंद जास्त भक्कम दाखवा.

आणखी एक मुद्दा तपासा. कमर्शिअल दाव्याआधी मध्यस्थी बंधनकारक आहे, कमर्शिअल कोर्ट्स कायद्याचं कलम १२अ. तातडीची अंतरिम मागणी असेल तरच ती टाळता येते. पाटील ऑटोमेशनच्या निकालात (२०२२) हे बंधनकारक ठरलं आणि २०२३ च्या यामिनी मनोहर निकालात कोर्ट म्हणालं की तातडी हा नुसता बुरखा आहे का ते पाहता येतं. समोरचा वर्षभर गप्प होता आणि एकदम "तातडी" म्हणून आला असेल तर हे मांडा.

आता मालाबद्दल. जॉबवर्क करणाऱ्यांनी हे नीट वाचावं. आमच्या शेडमध्ये पडलेल्या प्लेटांपैकी बऱ्याच दुसऱ्याच कस्टमरच्या होत्या, त्यांनीच स्टील पाठवलं होतं आणि आम्ही फक्त कटिंग-वेल्डिंग करून देणार होतो. बेलिफच्या यादीत मात्र त्या "कंपनीचा माल" म्हणून चढल्या. प्लेटच्या कोपऱ्यावर पांढऱ्या पेंटने लिहिलेला हीट नंबर (स्टीलच्या बॅचचा नंबर) आणि जॉबवर्क चलनावरचा हीट नंबर शेजारी ठेवून प्रत्येक प्लेटचा फोटो काढला, तक्ता बनवला, आणि त्या कस्टमरने आदेश ३८ नियम ८ खाली स्वतःचा हक्क सांगणारा अर्ज दिला. दुसऱ्याचा माल तुमच्या देण्यापोटी अडवता येत नाही, पण तो दुसऱ्याचा आहे हे कागदावर दाखवावं लागतं. तुमच्या शेडमध्ये अजून असं काही झालेलं नसेल तरी आलेल्या मालावर कस्टमरचं नाव आणि चलन नंबर लिहायची सवय आजच लावा.

सीसी (कॅश क्रेडिट) खात्याचं पण असंच आहे. सीसी लिमिटमधली न वापरलेली रक्कम म्हणजे बँक तुम्हाला द्यायला तयार असलेलं कर्ज, तुमची ठेव नव्हे. बँक तुमची देणेकरी नसेल तर तिथे जप्त करायला तुमचा पैसाच नाही, हा मुद्दा वकिलाकडून जोरात मांडून घ्या. आणि बँकेकडे जे आधीच गहाण आहे त्यावरचा बँकेचा हक्क या जप्तीने जात नाही (आदेश ३८ नियम १०), त्यामुळे तुमच्या बँकेलाही कोर्टात यायला सांगा.

८. पगार आणि सरकारी देणी वेगळी काढून मागा

ऑर्डर पूर्ण उठायला वेळ लागतो, पण पगार थांबू शकत नाही. म्हणून पहिल्याच तारखेला ही मागणी वेगळी करा आणि सोबत एका पानाचा तक्ता द्या: पगार आणि टीडीएस ७ तारखेपर्यंत, पीएफ आणि ईएसआयसी १५ पर्यंत, दर महिन्याचं जीएसटी ३बी रिटर्न २० पर्यंत, महावितरणचं बिल, कच्च्या मालाचे अत्यावश्यक हप्ते. मागच्या सहा महिन्यांचा प्रत्यक्ष खर्च शेजारच्या रकान्यात. पैसे तुमच्या हातात मागू नका, बँकेने सरळ कामगारांच्या खात्यात आणि सरकारी चलनावर भरावेत असं तुम्हीच सुचवा. यामुळे समोरच्याला "पैसे काढून घेतील" म्हणायला जागा उरत नाही, आणि न्यायाधीशांनाही असा आदेश देणं सोपं जातं. आकडे फुगवू नका, तक्ता ताळेबंदाशी जुळला नाही तर पूर्ण अर्जावरचा विश्वास जातो.

कामगारांना पण खरं सांगा. एक दिवस सगळ्यांना बसवून ऑर्डर मराठीत वाचून दाखवली की अर्धी चिंता कमी होते.

९. सिक्युरिटी देऊन सोडवणं

पुरेशी सिक्युरिटी दिली की जप्ती उठवावी लागते, आदेश ३८ नियम ९, त्यात जप्तीच्या खर्चाची सिक्युरिटी पण धरतात. पर्याय असे: बँक गॅरंटी, कोर्टाच्या नावे लीन केलेली एफडी, गहाण नसलेला प्लॉट किंवा मशीन, किंवा ऐपतदार जामीनदार आणि त्याचं तहसील कार्यालयातलं ऐपतीचं प्रमाणपत्र. खातं अडकलेलं असताना बँक गॅरंटीसाठी पूर्ण मार्जिन मागते, तेव्हा डायरेक्टरच्या वैयक्तिक एफडीचा विचार करावा लागतो. पण पूर्ण दाव्याएवढी सिक्युरिटी द्यायला लगेच हो म्हणू नका, दाव्यातलं व्याज आणि नुकसानभरपाई फुगवलेली असते, पहिले वादातली खरी रक्कम किती ते कोर्टाला दाखवा.

१०. अपील

आदेश ३८ मध्ये नियम ६ खाली पक्की जप्ती झाली की अपील होतं, मनाई हुकुमावर होतं, आणि कलम ९ च्या ऑर्डरवर लवाद कायद्याच्या कलम ३७ खाली होतं. नियम ५ ची सुरुवातीची नोटीस आणि सशर्त जप्ती असेल तर बहुतेक वेळा आधी त्याच कोर्टात कारण दाखवणं हाच रस्ता. कमर्शिअल कोर्ट जिल्हा न्यायाधीश पातळीचं असेल तर अपील हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात, मुदत ६० दिवस. मे महिन्यात सुट्ट्या असतात, तेव्हा एप्रिलमध्ये ऑर्डर आली असेल तर वकिलाला सुट्टीतल्या कोर्टाबद्दल आधीच विचारून ठेवा.

११. फक्त नोटीस आली असेल, ऑर्डर अजून नसेल तर

सीपीसी कलम १४८अ खाली कॅव्हेट दाखल करा. ती ९० दिवस चालते आणि तोपर्यंत तुम्हाला कळवल्याशिवाय अर्जावर सुनावणी सहसा होत नाही. ९० दिवस झाले की परत टाका. खर्च फार नाही, आणि वकिलाच्या नोटिशीला मुद्देसूद उत्तर पण द्या, पुढे कोर्टात तेच पहिल्यांदा वाचलं जातं.

१२. ऑर्डर उठल्यावर

कोर्टाने उठवली म्हणजे बँकेत आपोआप उघडत नाही. सर्टिफाइड नकल घेऊन स्वतः शाखेत जा, पोच घ्या, आणि शाखेतून लीगल सेलला ईमेल गेल्याची खात्री करा. काही वेळा कोर्टाचं पत्र बँकेला स्वतंत्रपणे जावं लागतं, ते निघालं का ते ऑफिसमध्ये विचारा. बेलिफने माल नोंदवला असेल तर कोर्टाच्या नाझर शाखेतून तो मोकळा झाल्याचा कागद घ्या, गेटवरचा जुना कागद स्वतः फाडू नका.

मग मागची आवराआवर. गोठलेल्या काळात जे चेक आणि ईएमआय परत गेले असतील त्यांची यादी करा आणि प्रत्येकाला ऑर्डरच्या कॉपीसकट पत्र पाठवा. चेक परत गेल्याची कलम १३८ ची नोटीस आली असेल तर १५ दिवसांच्या आत पैसे द्या किंवा वकिलाकडून उत्तर द्या, खातं कोर्टाने अडवलं होतं हे समोरच्याला आपोआप कळत नाही. पीएफ किंवा जीएसटी उशिरा भरलं असेल तर व्याज लागेल, ते काढून भरून टाका. आणि पुरेसं कारण नसताना जप्ती घेतली असं कोर्टाने म्हटलं असेल तर सीपीसी कलम ९५ खाली ५०,००० रुपयांपर्यंत भरपाई त्याच कोर्टात मागता येते. रक्कम मोठी नाही, आणि एकदा हा अर्ज निकाली निघाला की त्याच कारणासाठी वेगळा भरपाईचा दावा करता येत नाही, म्हणून नुकसान खरंच मोठं असेल तर कोणता रस्ता धरायचा हे अर्ज टाकायच्या आधी वकिलासोबत बसून ठरवा.